गुहेतली माती उकरू नका, तिच्यात आपला पाऊस आणि आपले पूर्वज आहेत

प्रति,
मा. संपादक,

विषय: गुहांमधले मातीचे आणि चुन्याचे थर, आणि त्यांची होणारी नासधूस

महोदय,

पावसाळा सुरू झाला की तुमच्या पेपरात रोज तलावांचा चौकोन येतो. तुळशी, विहार, तानसा, भातसा, मोडकसागर आणि वैतरणाचे दोन, कुठला किती टक्के भरला. आमच्या घरात सकाळी चहाबरोबर सगळ्यात आधी तोच वाचला जातो कारण पाणीकपात होणार की नाही ते त्याच्यावर ठरतं. सोबत अधूनमधून असंही छापून येतं की हा जून इतक्या वर्षांतला सगळ्यात कोरडा, किंवा एवढा पाऊस आजपर्यंत कधी पडलाच नव्हता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पडला तेव्हा आपण सगळे हेच म्हणत होतो. पण हे "आजपर्यंत" सुरू कधी होतं ते बघा. कुलाब्याला पाऊस मोजायला लागले ते एकोणिसाव्या शतकात, म्हणजे मोजलेला पाऊस आपल्याकडे जेमतेम दोनशे वर्षांचा, आणि मान्सून तर लाखो वर्षं येतोय.

त्या आधीचा पाऊस कुठे लिहून ठेवलेला असेल तर तो गुहांमध्ये, आणि त्याच गुहांमध्ये त्या पावसात जगलेली माणसंही आहेत, त्यांच्या चुलींची राख, हत्यारं, खाऊन टाकलेली हाडं. गेली बरीच वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचतोय, लेक्चरला जातोय, ट्रेकिंगच्या निमित्ताने गुहा बघतोय, आणि आपल्याकडे या थरांची जी वाट लावली जातेय ती बघवत नाही म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण कापलंत तरी शेवटची मागणी ठेवा ही विनंती.

आधी हे रेकॉर्ड तयार कसं होतं ते सांगतो, कारण ते कळलं की त्याची किंमत आपोआप कळते. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं तेव्हा मुळं आणि मातीतले जीवजंतू सोडतात तो कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पाणी किंचित आंबट होतं. हे पाणी खाली चुनखडीच्या दगडातून झिरपताना थोडा थोडा चुना विरघळवत जातं आणि गुहेच्या छतातून थेंब थेंब पडतं. गुहेच्या हवेत आल्यावर त्यातला वायू निघून जातो आणि चुना मागे राहतो. छताला लोंबतात ते स्टॅलॅक्टाइट आणि जमिनीवरून वर वाढत जातात ते स्टॅलॅग्माइट. वाढ किती, तर वर्षाला मिलीमीटरचा दहावा भाग, कधी शंभरावा. फूटभर खांब तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. आणि प्रत्येक थरात त्या त्या काळातल्या पावसाचं पाणी कसं होतं ते बंद होऊन बसतं.

एका लेक्चरला असा उभा कापलेला आणि पॉलिश केलेला तुकडा मला हातात घेऊन बघायला मिळाला होता. वजनाला चांगलाच जड, आणि आतून कांदा उभा चिरल्यावर दिसतात तसे एकावर एक चढलेले पदर, काही मधाच्या रंगाचे, काही दुधी, एके ठिकाणी मळकट तपकिरी पट्टा. त्या पट्ट्यावर बोट ठेवून सांगणाऱ्याने सांगितलं की इथे वाढ जवळजवळ थांबली होती, वरून पाणीच येत नव्हतं आणि धूळ बसत होती. तो पट्टा माझ्या नखाच्या जाडीचासुद्धा नव्हता. त्या तेवढ्याशा जागेत किती पिढ्यांनी आभाळाकडे बघत दिवस काढले असतील, आणि त्यांच्याबद्दल बाकी कुठेही एक अक्षर लिहिलेलं नाही.

आता यातून पाऊस कसा वाचतात, तर ऑक्सिजनवरून. ऑक्सिजनचे हलके आणि जड असे प्रकार असतात, १६ आणि १८. ढगातून पाऊस पडताना जड ऑक्सिजनवालं पाणी आधी गळून जातं, त्यामुळे मान्सून जोरात असला, खूप पाऊस पडत असला की एकूण पावसात जड ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं आणि पाऊस कमकुवत असला की ते वाढतं. थरातून दाताच्या डॉक्टरकडे असतं तसल्या बारीक ड्रिलने चिमूटभर पावडर काढायची आणि मशीनमध्ये हे प्रमाण मोजायचं. वय काढायला युरेनियम कामाला येतं. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही, म्हणजे थर नवीन तयार झाला तेव्हा त्यात युरेनियम असतं आणि थोरियम नसल्यातच जमा. मग युरेनियमचं हळूहळू थोरियम होत जातं आणि किती झालंय त्यावरून वर्षं निघतात, साधारण सहा-साडेसहा लाख वर्षांपर्यंत. कोळसा-हाडांचं वय काढायची कार्बन डेटिंगची पद्धत ५० हजार वर्षांच्या पलीकडे जात नाही, इथे त्याच्या दहापट मागे जाता येतं. चीनमधल्या गुहांमधून असा सलग ६ लाख ४० हजार वर्षांचा मान्सूनचा रेकॉर्ड जोडलाय, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे सगळं इतकं सरळ नसतं हेही सांगायला पाहिजे, नाहीतर कुणीतरी म्हणेल की एका दगडावरून काहीही ठोकून देतात. ढग कुठल्या समुद्रावरून आले यावरही ऑक्सिजन बदलतो, एका गुहेतल्या दोन खांबांचं नेहमी जुळतंच असं नाही. म्हणून अनेक गुहा, अनेक खांब लागतात. आणि म्हणूनच प्रत्येक गुहा जपायला लागते.

आपल्या महाराष्ट्रात पंचाईत अशी की बहुतेक जमीन काळ्या दगडाची. मुंबईत गुहा म्हटलं की कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर, घारापुरी डोळ्यांसमोर येतात, पण ती सगळी माणसाने कोरलेली लेणी आहेत आणि त्या दगडात चुनखडीसारखे खांब वाढत नाहीत. त्यासाठी जावं लागतं मेघालयात, छत्तीसगडमध्ये, आंध्रात कर्नूलला, उत्तराखंडात, आणि जवळ म्हणजे उत्तर कर्नाटकात कारवारच्या बाजूला.

मेघालयाची गोष्ट तर आपल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी. चेरापुंजीजवळ, आता ज्याला सोहरा म्हणतात तिथे, मॉमलुह नावाची सुमारे सात किलोमीटर लांबीची गुहा आहे. तिथल्या एका स्टॅलॅग्माइटमध्ये ४२०० वर्षांपूर्वी मान्सून एकदम मंदावल्याची खूण मिळाली, आणि २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिकांनी त्या खुणेपासून आजपर्यंतच्या काळाला अधिकृत नाव दिलं, मेघालयन. पृथ्वीच्या इतिहासात आपण सगळे सध्या ज्या काळात राहतोय, अमेरिकेतला माणूस असो की अंधेरीतला, त्या काळाचं नाव आपल्या देशातल्या एका गुहेवरून पडलंय. २०२२ मध्ये जगातल्या पहिल्या १०० भूवारसा स्थळांच्या यादीत ती गुहा आली. आणि मुंबईतून दर वर्षी एवढी माणसं मेघालयच्या टूरला जातात, धबधबे आणि काचेसारखी नदी बघून येतात, त्यातल्या किती जणांना हे कुणी सांगितलेलं असतं?

त्या ४२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळामुळे हडप्पा संस्कृती बुडाली असं आता व्हॉट्सअॅपवर फिरतं. एवढी घाई करू नये असं माझं मत आहे. उत्तराखंडमधल्या धर्मजली गुहेतल्या स्टॅलॅग्माइटवरचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात ४२०० ते ३९७० वर्षांपूर्वीच्या काळात तीन लांबलचक दुष्काळ दिसतात, एकेक २५ ते ९० वर्षं चाललेला. म्हणजे माणसाच्या आख्ख्या आयुष्यात पाऊस सुधारलाच नाही असं झालं. पण माणसं मेली नाहीत, हलली. मोठी शहरं सोडली, लहान वस्त्या केल्या, कमी पाण्यावर येणारी पिकं घेतली. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावबद्दल पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी असंच मांडलं होतं, की इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडं होत गेलं आणि शेती करणारी माणसं पुन्हा गुरंमेंढरांच्या मागे भटकायला लागली. दुष्काळ आला की माणूस काय करतो हे आपल्याला यातून शिकायचंय, फक्त कोण कधी बुडालं एवढंच नाही.

आणि हे फक्त हडप्पाचं नाही, आपल्या अगदी घरातलं आहे. छत्तीसगडमध्ये बस्तरला कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. तिथल्या स्टॅलॅग्माइटवरून इ.स. ६०० ते १५०० असा ९०० वर्षांचा पाऊस काढलाय, २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात चौदाव्या आणि पंधराव्या शतकात मान्सून वर्षानुवर्षं कमजोर पडलेला दिसतो. आपल्याकडे दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून जो सांगतात, १३९६ पासून पुढे बारा वर्षं चालला असं म्हणतात, तो त्याच काळातला. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारं उघडली ती कथा पण पंधराव्या शतकातली. इतकी वर्षं आपण कीर्तनातून ऐकत आलो, आणि आता बस्तरच्या अंधारात वाढलेला दगड सांगतोय की हो, त्या शतकांत पाऊस खरंच हटला होता. मला तर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तसंच उत्तर कन्नडमधल्या अकलगवी गुहेतल्या एका खांबातून अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून ३३१ वर्षांचा पाऊस वाचलाय, म्हणजे थेट शिवकाळापर्यंत, आणि तो आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या मान्सूनचा.

आमच्या घरी १९७२ च्या दुष्काळाची आठवण अजून निघते, आई सुकडी आणि लाल ज्वारी सांगते. तो दुष्काळ दोन-तीन वर्षांचा होता आणि अजून लोकांच्या तोंडी आहे. गुहा सांगतात की आपल्या मान्सूनला दहा-वीस वर्षं किंवा त्याहून जास्त आजारी पडायची सवय आहे, आणि असलं काही पर्जन्यमापकाच्या काळात अजून आपल्या वाट्याला आलेलं नाही. एवढी मोठी मुंबई सात तलावांवर जगते, एका पावसाळ्याचं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं हा हिशोब. ज्यांनी पुढच्या पन्नास वर्षांच्या पाण्याचं प्लॅनिंग करायचं त्यांच्या टेबलावर दंडक गुहेचा आलेख असलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता माणसाकडे येतो. गुहेत पडलेली माती आपल्याला कचरा वाटते, पण उघड्यावर जे ऊन-पावसात नष्ट होतं ते गुहेत टिकतं. वाऱ्याने आलेली धूळ, पुराचा गाळ, छताचे पडलेले तुकडे, वटवाघळांची विष्ठा, चुलीची राख, सगळं एकावर एक साठत जातं. परागकणांवरून बाहेर कुठली झाडं होती ते कळतं. घुबडं उंदीर-चिचुंद्र्या खाऊन हाडांच्या गोळ्या ओकतात, त्यातल्या मोहरीएवढ्या दातांवरून आजूबाजूला गवताळ रान होतं की दाट जंगल ते कळतं. कर्नूलजवळच्या बिल्लासुरगम गुहा ब्रिटिश काळातले भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांच्या मुलाने १८८४ च्या सुमारास खणल्या होत्या, आणि तिथल्याच हाडांवर अलीकडे पुन्हा काम झालं तेव्हा कळलं की गेल्या दोन लाख वर्षांत हवामान एवढं वरखाली होऊनही आपल्याकडचे बहुतेक प्राणी टिकून राहिले, युरोप-अमेरिकेत झाली तशी मोठी कत्तल इथे दिसत नाही. का टिकले, तर जंगल, गवत, पाणी सगळं जवळजवळ होतं आणि प्राणी एकीकडून दुसरीकडे सरकू शकत होते. आपण आता त्यांचे तेच रस्ते हायवेने तोडतोय.

जगात तर या मातीतून काय काय निघालंय. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत एका करंगळीच्या हाडाच्या तुकड्यावरून २०१० मध्ये माणसाची एक वेगळीच शाखा सापडली, आणि २०१७ पर्यंत तंत्र इतकं पुढे गेलं की हाड नसलं तरी नुसत्या मातीतून त्या माणसांचा डीएनए काढता यायला लागला. ज्यांनी या कामाचा पाया घातला त्या स्वान्ते पाबोंना २०२२ चं नोबेल मिळालं. फ्रान्समध्ये ब्रुनिकेल गुहेत तोंडापासून ३३६ मीटर आत, जिथे दिवसाही मिट्ट काळोख, तिथे स्टॅलॅग्माइटचे सुमारे ४०० तुकडे तोडून गोल कडी रचलेली आहेत. तुटलेल्या टोकांवर पुन्हा चुना चढला, त्याचं वय काढलं तर १ लाख ७६ हजार ५०० वर्षं. तेव्हा त्या भागात निअँडरथल राहत होते, म्हणजे माणसाची आता नामशेष झालेली एक शाखा. इंडोनेशियात सुलावेसीला चित्रावर चढलेल्या चुन्याच्या पापुद्र्यावरून निदान ५१,२०० वर्षं जुनं चित्र मिळालं. आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर श्रीलंकेत फा-हिएन गुहेत ४५ हजार वर्षांपूर्वी पावसाळी जंगलात राहून माकडं आणि खारी मारून जगणाऱ्या माणसांचे थर आहेत. आपल्या सह्याद्रीसारखंच ते जंगल.

आपल्या उकाड्यात आणि दमटपणात डीएनए टिकणं अवघड, ते मान्य. पण कोळसा टिकतो, दगड टिकतो, वाळूचे कण टिकतात.

महाराष्ट्रातच बघा ना. चाळीसगावजवळ पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साली यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे २५ हजार वर्षं जुना. जळगाव जिल्ह्यात शहामृग! म्हणजे तेव्हा तिथे कोरडं, मोकळं माळरान असणार. मुंबईत १९३० च्या दशकात के. आर. यू. टॉड नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने कांदिवलीला ओढ्याकाठच्या खडी-मातीच्या थरांमधून अश्मयुगातली हत्यारं गोळा केली, कुठल्या थरात काय मिळालं ते नीट लिहून प्रसिद्ध केलं. मढ, मार्वे, एरंगळच्या बाजूला बारीक गारगोटीची सूक्ष्मास्त्रं, म्हणजे इवलीशी दगडी पाती, मिळाली. ज्या कांदिवलीत आज लोकलला पाय ठेवायला जागा नसते तिथे हजारो वर्षांपूर्वी माणूस दगड घडवत बसला होता. ते थर आता बिल्डिंगांखाली गेले, परत तपासायचे म्हटले तर जागाच उरलेली नाही. नव्या डेटिंगच्या पद्धती आल्या आणि सॅम्पल घ्यायला माती नाही, याच्याइतकं वाईट काही नाही.

म्हणून कोकणाची काळजी वाटते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवरची कातळशिल्पं आता सगळ्यांना माहीत झाली, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तुम्हीही त्यावर चांगलं छापलंत. पण प्रत्येक बातमीत एक प्रश्न तसाच राहतो, ही किती जुनी? उघड्या कातळावर कोरलेलं, वर थर नाही, राख नाही, थेट वय काढणार कसं? आणि जांभ्याच्या आंबट मातीत हाडं टिकत नाहीत. मग ती कोरणारी माणसं राहत कुठे होती, कधी राहत होती हे सांगायला जवळच्या गुहाच उरतात. गुहागरच्या बाजूला सुसरोंडीला डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी गुहेत अश्मयुगीन हत्यारं शोधली, सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं आणि तिथेही दगडी हत्यारं मिळाली. कातळशिल्पांचं कोडं सुटायचं असेल तर ते अशा गुहांच्या जमिनीत सुटेल. अशा अजून किती गुहा असतील, ज्या फक्त गावच्या गुराख्याला माहीत आहेत.

आणि तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतंय. एक म्हणजे गुप्तधन. कुणीतरी सांगतं की गुहेत हंडा पुरलाय आणि अमावास्येच्या रात्री टिकाव-फावडी घेऊन टोळकं जातं. मिळत काहीच नाही, पण दहा-वीस हजार वर्षांचा थर एका रात्रीत कालवला जातो. यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते ती सांगतो. वाळूचे कण शेवटचा उजेड कधी बघितला हे लक्षात ठेवतात, त्यावरून मातीचं वय काढायची पद्धत आहे. त्यासाठी शास्त्रज्ञ थरात स्टीलची नळी ठोकतात, दोन्ही तोंडं लगेच काळ्या प्लॅस्टिकने बंद करतात आणि लॅबमध्ये मंद लाल दिव्यात उघडतात, कारण थोडा वेळ ऊन लागलं तरी त्या कणातलं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. मग विचार करा, खोदून बाहेर उन्हात टाकलेल्या ढिगाऱ्यात काय उरत असेल. आणि कोळसा वरचा खाली, खालचा वर झाला की कार्बन डेटिंगचाही उपयोग नाही.

दुसरं नुकसान भक्तीने होतं, गुहेतल्या देवासाठी आत लादी घालतात, कोबा करतात, भिंतींना ऑइलपेंट. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, देव तिथे शेकडो वर्षं आहेच, पण लादीआधी पाच-सहा इंच "कचरा माती" उपसून दरीत टाकली जाते, त्याआधी एक फोन पुरातत्त्व विभागाला केला तर काय बिघडतं? तिसरं आपल्याच लोकांकडून, ट्रेकर्सकडून. गुहेत मुक्काम, आत शेकोटी, तंबू नीट बसावा म्हणून जमीन सपाट करणं. हे करणारी मुलं वाईट नसतात, गडावरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या गोळा करून खाली आणणारी तीच असतात, त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

मेघालयात सोहराजवळच्या एका टुरिस्ट गुहेत मी आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना बघितलं, चांगले शिकलेले गृहस्थ, त्यांनी छताला लोंबणारं बोटभर टोक मोडून रुमालात गुंडाळलं, नातवाला दाखवायला. तुटलेल्या जागी पांढरा ओला गोल दिसत होता आणि मधल्या बारीक भोकातून पाण्याचा थेंब येत होता, म्हणजे ते वाढत होतं. मी त्यांना सांगितलं की काका हे एवढं व्हायला शेकडो, कदाचित हजारो वर्षं लागली असतील. त्यांचा चेहरा उतरला, ते म्हणाले अहो गाइडने काहीच सांगितलं नाही. आणि खरं होतं ते, टूर कंपनीच्या माणसाने आम्हाला डोकं सांभाळा आणि फोटो पटपट काढा एवढंच सांगितलं होतं. नुसतं हात लावला तरी हाताचं तेल लागून पुढे तिथे चुना धरत नाही, दिव्यांच्या उजेडात शेवाळ येतं, माणसांच्या श्वासानेसुद्धा बिघडतं. फ्रान्सने लास्को गुहा याच कारणासाठी १९६३ मध्ये लोकांना बंद केली. आपण निदान "हात लावू नका" एवढं मराठीत सांगू शकतो ना!

तर माझी मागणी. गुहेत काही सापडल्याची बातमी येते तेव्हा "हजारो वर्षांपूर्वीचं रहस्य" असा मथळा देऊन थांबू नका, कुठल्या थरात सापडलं, वय कसं काढलं, अजून काढायचं बाकी आहे का हे वार्ताहराने विचारलंच पाहिजे. थरातून उचलून आणलेलं हत्यार हातात धरून कुणी फोटो पाठवला तर तो कौतुकाने छापू नका, त्याने चार जण अजून खणायला जातात. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला तुमच्यामार्फत विनंती आहे की रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि ठाणे जिल्ह्यांतल्या नैसर्गिक गुहांची गावागावातून नुसती यादी तरी करावी, उत्खनन नंतर झालं तरी चालेल, आणि त्या त्या ग्रामपंचायतीला एक पानाची सूचना मराठीत द्यावी की इथली माती हलवायची नाही आणि हलवायचीच असेल तर आधी कुणाला कळवायचं. मुंबईतल्या कॉलेजांच्या निसर्ग मंडळांना या यादीच्या कामात घेतलं तर मुलं आनंदाने येतील, आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी तर मला आत्ताच नावं देऊन ठेवलीत.

आणि दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी, जेव्हा मेघालयच्या टूर आणि कोकणचे ट्रेक दोन्ही भरतात, तेव्हा तुमच्या पर्यटन पुरवणीत एक छोटी चौकट छापा. गुहेत शेकोटी करू नये, जमीन उकरू नये, खांबांना हात लावू नये, काही दिसलं तर जागेवरच ठेवून फोटो आणि लोकेशन पुरातत्त्व विभागाला पाठवावं, बास. मजकूर हवा असेल तर मी लिहून देतो, त्यावर माझं नाव नसलं तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक,
बोरिवली (पूर्व), मुंबई